एक गड्डा मातीत परत

१४ जुलै, सोमवार

कॉलेजचा पहिला दिवस. कीर्तीचा नाही, कीर्तीच्या आईचा.

वर्गाच्या दारात उभी राहिले तर एक पोरगी अदबीनं म्हणाली, "काकू, पालकांची मीटिंग वरच्या मजल्यावर हाय." म्हटलं, "मी पालक न्हाई गं. बी.एस्सी. फर्स्ट इयर." तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सरकून जागा दिली. पूजा राठोड. तांड्यावरून येते. माझ्या लेकीपेक्षा वर्षभरानं मोठी असेल. बाक इतका अरुंद की मी बसल्यावर पूजा निम्मी बाहेर.

बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री. फळ्यावर ही तीन नावं लिहिलेली बघितली आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली. लग्न ठरलं तेव्हा बारावी सायन्सचा निकाल माझ्या हातात होता, तो तसाच ट्रंकेत गेला होता.

येताना एसटी उशिरा. ह्यांची जीप डोंगरकडा गावाहून नांदेडच्या बाजूला जाते, मला जायचं उलटीकडं, तालुक्याला. संसारातही बहुतेक तसंच. असो.

१६ जुलै

अट लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी फिरवायला नको. आत्याबाई (सासूबाईंना आम्ही आत्याबाईच म्हणतो) चुलीपुढं बसून म्हणाल्या, "एक साल जा. पास झालीस तर फुडचं बघू. नापास झालीस तर गुमान मशीनवर बसायचं, पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं न्हाई." ह्यांनी मान हलवली. कुणाच्या बाजूनं हलवली ते अजून कळलेलं नाही.

वाईट वाटलं. पण शिवायला आलेले ब्लाउज खुंटीवर लटकलेत, रानात हळदीत गवत माजलंय, आणि मी बेडकाची चित्रं काढणार. त्यांच्या जागी मी असते तर एवढंही कबूल केलं नसतं.

२२ जुलै

ॲडमिशनसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागलं. बारावीपासून आजपर्यंत शिक्षण का थांबलं होतं याचं कारण द्यायचं. तहसीलसमोरचा टायपिंगवाला विचारतो, "कारण काय टाकू?" म्हटलं, "लग्न." त्यानं टाइप केलं, 'घरगुती अडचण'.

घरी ह्यांना दाखवलं. वाचून म्हणाले, "म्हंजी मी अडचण व्हय?" दिवसभर तोच विनोद चालू होता. कीर्तीनं तर बापाच्या नावाचा नंबर फोनमध्ये 'अडचण' म्हणून सेव्ह केला.

२७ जुलै, रविवार

निंदणी. आत्याबाई, मी, दोघी बाया. बांधाकडच्या कोपऱ्यातला मागचा गड्डा सगळ्या रानाच्या आधी फुटला होता, त्याची पानं आता माझ्या कमरेला लागतात.

आमच्या घरची रीत आहे. हळद काढायला सुरुवात केली की पहिला गड्डा घरी आणायचा नाही, कोपऱ्यात परत पुरायचा. रान सगळं मोकळं होतं, तो एक मागं राहतो. नवी होते तेव्हा मी हसायचे. "आत्याबाई, कोणासाठी ठेवता? उंदरासाठी?" त्या म्हणायच्या, "माझ्या सासूनं ठेवला, मी ठेवते. काहून ते मला न्हाई ठावं."

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज बघितलं.

माझ्या बारावीच्या शाळेत मायक्रोस्कोप होता. काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रिटायर झालेल्या मास्तरांबरोबर गेलेली. दोन वर्षं आम्ही तो बाहेरून बघितला. आणि परीक्षेत त्याची आकृती काढून भाग दाखवले, पैकीच्या पैकी.

आज बॉटनीच्या मॅडमनी कांद्याचं साल ठेवून दिलं आणि म्हणाल्या, बघा. मी वाकले. काळं काळं, केसांसारखं काहीतरी हलतंय. म्हटलं, "मॅडम, जिवंत आहे काहीतरी." पूजा म्हणाली, "काकू, तुमच्याच पापण्या हायत त्या." सगळी बॅच हसली, मीही हसले. मग मॅडमनी चाक फिरवलं.

भिंती दिसल्या. एकाला एक लागून घरं. प्रत्येकात एक ठिपका. कांदा! इतकी वर्षं रोज चिरतेय, डोळ्यांतून पाणी काढतेय, आणि त्याच्या आत एवढं गाव वसलेलं.

मागं पोरं थांबली होती तरी मला उठवेना. मॅडम म्हणाल्या, "ताई, दुसऱ्यांनाही बघू द्या." उठले.

९ ऑगस्ट

राखी. भाऊ सेनगावहून आला. त्याला कांद्याचं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, जेवायला काय हाय?"

स्वयंपाकाला कांदा घेतला आणि चिरायला धीर होईना. मग चिरला. माणसं जेवायची होती.

४ सप्टेंबर

जवळजवळ महिनाभर लिहिणं नाही. गौरींचे ब्लाउज, पाऊस, कीर्तीचा ताप. अटेंडन्स कमी भरतेय, मॅडमनी बोलावून सांगितलं. रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "तुमचं मला कळतं, पण युनिव्हर्सिटीला कळत नाही."

अभ्यास एसटीत. ड्रायव्हरमागची सीट. कंडक्टर आता पास बघत नाही, "आज काय हाय, केमिस्ट्री?" असं विचारतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हळद फुलावर आहे. पानांच्या पोटात पांढरी-गुलाबी फुलं, बघायला बरी, उपयोग काही नाही. सकाळी निघताना एक फूल घेतलं आणि तासाला मॅडमना विचारलं, "मॅडम, ह्याला फूल येतं तर बी काहून येत न्हाई?"

मॅडमनी फूल हातात घेतलं. फळ्यावर काढून दाखवलं. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, आपल्यात दोन-दोनच्या जोडीनं, एक आईकडचं, एक बापाकडचं. बी धरायचं तर जोडी फोडून सारखी वाटणी करावी लागते. हळदीत तीन-तीन आहेत. तिघांची दोघांत वाटणी होत नाही. म्हणून बी नाही. कधीच नाही.

"मग ही पहिल्यापासून आली कशी?" पूजानं विचारलं.

"माणसानं लावली म्हणून," मॅडम म्हणाल्या. "गड्डा तोडून लावायचा, त्याला आलेला तोडून पुन्हा लावायचा. तुमच्या रानातली हळद नव्यानं जन्मलेली नाही. ती जुनीच आहे, तुकडा तुकडा होत इथपर्यंत आलेली."

मी पुढचा तास ऐकलाच नाही.

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या साली आमचं सगळं रान कुजलं होतं. कंदकूज. बेण्यालाही गड्डा उरला नाही. तेव्हा दादा, माझे वडील, माझ्या माहेराहून बेणं घेऊन आले, आईनं निवडलेलं. एकेक गड्डा हातात घेऊन, दाबून, वास घेऊन निवडला असणार, तिची तीच पद्धत. पुढं आई गेली. आमच्या रानात त्याच बेण्याची हळद अजून चालू आहे.

म्हणजे आईच्या बोटांनी दाबून बघितलेली जी हळद, तिची पोरं-नातवंडं नाहीत ही. तीच आहे ती. मी रोज तिच्यात उभी राहून गवत काढते.

एसटीत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो ताई, कुणी गेलं व्हय?" म्हटलं, नाही. कुणी गेलेलं नाही. तिला वाटलं असेल, बाई कामातून गेली.

४ ऑक्टोबर

आत्याबाईंना सगळं सांगितलं. तीन आणि दोनची वाटणी भाकरीचे तुकडे मांडून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी एका साली जरी कुणी लावायची सोडली असती तर?"

"तर संपली असती. ह्या रानातली तरी."

"लढाया झाल्या असतील, दुष्काळ पडले असतील. तरी कुणी ना कुणी पुरत गेलं."

"व्हय."

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "लई झालं बाई," म्हणाल्या. मग भाकरीचे तुकडे गोळा करून म्हशीला घालायला गेल्या.

नंतर मी एकटीच विचार करत होते. माझ्या शिक्षणात एवढी मोठी गॅप पडली, प्रतिज्ञापत्र करावं लागलं. हळदीत एका सालाचीही नाही. कुणाकुणाचे हात असतील ते. नावं कुठं असणार.

२७ नोव्हेंबर

प्रॅक्टिकलला (पुढं प्रॅ. लिहीन) आपापली वस्तू आणायला सांगितली होती. मी ओली हळद नेली. पातळ काप काढायला ब्लेड नीट बसत नाही, शिवणकामाची बोटं असूनही. चौथ्या-पाचव्या कापाला जमलं.

पिठाचे कण दिसले, शंखासारखे लांबट, गच्च भरलेले. मध्ये मध्ये एखादी पेशी पिवळीजर्द. सगळी हळद पिवळी असते असं मला वाटायचं. रंगाची घरं वेगळी आहेत. थोडीच आहेत आणि त्यांच्याच जिवावर सगळा गड्डा पिवळा दिसतो.

पूजा म्हणाली, "काकू, तुमी प्रत्येक येळेस देव दिसल्यावानी काहून करता?" म्हटलं, "तू माझ्याएवढी हो, मग सांगते." ती म्हणाली, "मला तर दिसतच न्हाई नीट, मी आकृती पुस्तकातून काढते." तिला डोळा लावायला शिकवलं. दिसल्यावर तीही मायक्रोस्कोप सोडेना, पण कबूल काही केलं नाही.

१९ जानेवारी

पहिल्या सेमिस्टरचा निकाल. सगळे विषय निघाले, केमिस्ट्री काठावर. पूजाला माझ्यापेक्षा जास्त. आत्याबाई: "हे निम्मंच ना? पुरं साल झाल्यावर सांग."

८ फेब्रुवारी, रविवार

पाला कापून झाला होता, परवा काढणीला सुरुवात झाली. मी तेव्हा कॉलेजात. संध्याकाळी उतरले तर आत्याबाई रस्त्यालगत बांधावर बसलेल्या, पदरात काहीतरी.

पहिला गड्डा. माती लागलेला, मुठीएवढा.

"तू घाल यंदा," म्हणाल्या.

"तुमीच घाला की. तुमचा मान हाय."

"माझे गुडघे वाकत न्हाईत. आन तुला त्याचं समदं ठावं हाय, मला न्हाई."

कॉलेजची पर्स खांद्यावर, तशीच कोपऱ्यात बसले. खुरप्यानं खड्डा केला. डोळा वरच्या बाजूला ठेवून गड्डा आत ठेवला, माती लोटली. आधी कधी हसले होते ते आठवलं. इतक्या जणांनंतर आता माझा हात.

२ मार्च

बॉटनी प्रॅ. परीक्षेची तारीख लागली. ११ मार्च. बाहेरून परीक्षक येणार. प्रॅ.ला गैरहजर म्हणजे सरळ नापास.

हळद ढिगानं पडलीय. गफूरभाईंचा कुकर वरच्या वस्तीवर आलाय, रान रान करत खाली येतोय. नंबरानं. हळद शिजवायचा कुकर दारात आला की सगळं घर लागतं. ड्रम भरायचे, वाफ धरायची, उपसायचं, पसरायचं. ह्यांनी विचारलं, आमचा नंबर कधी. गफूरभाई म्हणाले, "दस-ग्यारह को आता मैं. नंबर गया तो गया भाई, फिर पंधरा-बीस रोज के बाद. बारिश आई तो मेरे कू मत बोलना."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत्याबाईंकडं. त्या सुपानं पाखडत राहिल्या.

१० मार्च, मंगळवार

कुकर आला. पहाटेपासून ड्रम. वाफेनं अंगण भरलं, वास गावाच्या वेशीपर्यंत. पंधरावा ड्रम का सोळावा, मोजणं सोडलं. हात कोपरापर्यंत पिवळे. दुपारी आत्याबाईंनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. "बस. हात धू. उद्या कागदावर काय लिवायचं ते वाच."

"अजून निम्मी हाय हळद."

"मी हाय कुकरपाशी. माझा लेक सुधाकर हाय. कीर्ती हाय. तू काय एकटीच हाय व्हय ह्या घरात?"

त्यांनी हे प्रेमानं म्हटलं की तोऱ्यात, कळलं नाही. हात साबणानं धुतले तर लाल झाले, लिंबानं धुतले तर परत पिवळे. निघाले नाहीत.

११ मार्च, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

सूर्यफुलाच्या खोडाचा सेक्शन. पातळ काप काढायचा, सॅफ्रनिननं रंगवायचा, म्हणजे लाकडाचा भाग लाल दिसतो. काप झकास निघाला, इतका चांगला कधीच नाही. ब्रश शेजारच्यानं नेला होता, म्हणून बोटानंच उचलून स्पिरिटमध्ये टाकला, हलवला, ब्रशची वाट बघत पुन्हा हलवला. परीक्षक दाराशी आले, वेळ संपत आली म्हणाले. माझी गडबड. कापाकडं बघितलं तर रंग चढलेला दिसला. वाटलं, सॅफ्रनिन लावून झालंय, जरा फिकं लागलंय इतकंच. उचलून काचेवर ठेवला, वरची काच ठेवली, नंबरची चिठ्ठी लावली.

मग हात बघितला. बोटांची टोकं पांढुरकी झालेली. स्पिरिटनं माझ्या बोटांवरची हळद उतरवली होती आणि कापानं ती पिऊन घेतली होती. सॅफ्रनिनची बाटली तशीच, बूच न काढलेली.

परीक्षक आले. वयस्कर, चष्मा कपाळावर. वाकून बघितलं. बघतच राहिले. "कोणता स्टेन वापरला?"

खोटं बोलता आलं असतं का, माहीत नाही. सुचलंच नाही. "सर, स्टेन न्हाई लावला. हळद हाय ती. काल आमच्याकडं कुकर होता. हाताची लागली."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. माझे हात बघितले. पुन्हा वाकले. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "तुम्ही बघितलंत का? बघा."

मी वाकले. फिक्या उजेडात गोल चक्र, आणि त्या चक्रात लाकडाच्या नळ्यांचे पुंजके, पिवळे, उजळलेले, एकेकीची भिंत वेगळी दिसावी असे. दिवाळीत पणत्या गोल मांडाव्यात तसे. वर्षभरात इतकं सुंदर काही बघितलं नाही मी. नापास होतेय हे विसरून गेले. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"नियमाप्रमाणे सॅफ्रनिन पाहिजे होतं," सर म्हणाले. "आता ह्याला मार्क काय द्यायचे?"

मलाच विचारत होते की स्वतःला? त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, हाताआड. पुढच्या टेबलाकडं गेले.

पूजा बाहेर आल्यावर म्हणाली, "काकू, बोलायचं काहून खरं? म्हणायचं ना जुना स्टेन होता." घरी आले तर अंगणभर हळद वाळत घातलेली, आत्याबाई तिच्यात बसल्या जागी झोपलेल्या. विचारतील म्हणून तयारी केली होती. त्यांनी डोळे उघडून एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

२० एप्रिल

थिअरी संपली. बरी गेली. प्रॅ.चं घरात कुणाला सांगितलेलं नाही. खुंटीवरचे ब्लाउज उतरवून शिवायला बसले. मशीन वंगण मागतेय. मशीन वाईट नाही. पण पाय चालवताना मनात ते पिवळं चक्र फिरतं आणि टाका चुकतो.

९ जून, मंगळवार

मॅडमचा मेसेज. रिझल्ट उद्या.

दुपारी ओसरीत बेणं निवडायला बसलो, आत्याबाई आणि मी. मी एकेक गड्डा दाबून, वास घेऊन बघते, हे माझ्या आताच लक्षात आलं. मला कुणी शिकवलं नव्हतं. आई करायची ते लहानपणी बघितलं असणार.

राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. स्पिरिट, बोटं, बाटलीचं न काढलेलं बूच. "पासापुरते मार्क नाही दिले तर प्रॅ.ला नापास. मग पुरं साल नापास. तुमची अट मला ठावं हाय."

आत्याबाईंनी स्वतःचे तळवे उलटे-सुलटे करून बघितले. "म्हंजी आपल्या हळदीनंच घात केला म्हण की." हसल्या थोड्या. मग एक कुजका गड्डा बाजूला टाकला. "नापास झालं तर पुन्हा बसता येतं का त्या परीक्षेला?"

"येतं. पुढल्या साली."

निवडत राहिल्या. ढीग निम्मा झाला तेव्हा म्हणाल्या, "ते साल ध्यानात हाय? समदं रान कुजलं होतं."

"हाय की."

"मग हळद सोडली व्हय आपण?"

मी अटीची आठवण करून द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी अट मोडली की नुसतंच बोलल्या, हे विचारायचं धाडस झालं नाही. ज्या बाईला मी इतकी वर्षं दगड समजत आले, तिच्याकडं बघत बसले. त्या म्हणाल्या, "हात चालव. उद्या लावायचं हाय."

संध्याकाळी रानात गेले, कोपऱ्यात. एक बरा पाऊस होऊन गेलाय. दरसाल मागचा गड्डा एवढ्यात वर आलेला असतो. यंदाचा, माझ्या हातचा, अजून फुटलेला नाही. खाली बसून बोटभर माती उकरली, आत डोळा फुगलाय का बघावं म्हणून.

मग हात थांबला. माती होती तशी परत सारखी केली आणि घरी आले. भाकरी टाकायची होती.